बोंबील हसतात कुणाला

"आय ऑलरेडी रिटर्न्ड इट."

हॅमिल्टनच्या सार्वजनिक लायब्ररीच्या एका शाखेत काउंटरवर उभं राहून मी केस पांढरे केले, आणि त्या सगळ्या काळात सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य हे. पुस्तक मी कधीच परत केलंय. म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर अशी काही निरागसता असते की नाताळच्या गव्हाणीतल्या मेंढरानं लाजावं. आमच्या कम्प्युटरमध्ये अशा माणसांसाठी वेगळी खूण होती, 'क्लेम्स रिटर्न्ड'. म्हणजे परत केल्याचा यांचा दावा आहे. दावा हा शब्द बघा. लायब्ररी कुणाला खोटारडं म्हणत नाही, पण खरंही म्हणत नाही.

दावा आला की वाद घालायचा नाही, आधी शेल्फवर जाऊन बघायचं. हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. आणि गंमत म्हणजे पुष्कळदा पुस्तक तिथे मुकाट्यानं बसलेलं सापडतं. आमच्यातल्याच कुणीतरी ते स्कॅन न करता जागेवर ठेवलेलं असतं. त्यामुळे मला आधी गिऱ्हाइकाचा संशय यायचा, मग मशीनचा, मग शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याचा आणि शेवटी स्वतःचा. आमचे ग्रेगरी म्हणतात, "हिला पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला तरी ही हात उलटा करून बघते, काय चिकटलं का." अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

आता आमच्या या नाताळ अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "ब्रिजिटबाय, लायब्ररीतल्या शांत नोकरीवर काहीतरी लिहा." शांत! यांनी कधी ओलं पुस्तक हातात घेतलं नसावं. एक बाई स्वयंपाकाचं पुस्तक घेऊन आल्या, पानं फुगलेली. म्हणाल्या, बसस्टॉपवर पावसात भिजलं. मी वसईच्या किनाऱ्यावरची कोळ्याची पोर. पुस्तक नाकाशी नेलं आणि म्हटलं, "मॅडम, तुमच्या बसस्टॉपवर कोळंबीच्या सूपचा पाऊस पडतो का?" बाई लाल झाल्या आणि मग स्वतःच हसत सुटल्या. दुसरे एक सूट घालणारे गृहस्थ होते. रोज सकाळी येत, पेपर वाचत, सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणत. इतका सभ्य माणूस मला पहिल्या दिवसापासून खटकत होता. नव्या रहस्यकथा कम्प्युटरवर 'उपलब्ध' दिसायच्या, शेल्फवर मात्र नसायच्या. मी पाळत ठेवली. हे महाशय रांगेत नंबर लावायला नको म्हणून नवी कादंबरी गुपचूप बागकामाच्या पुस्तकांमागे दडवून ठेवायचे आणि रोज एक प्रकरण वाचून जायचे. पकडलं तेव्हा म्हणाले, "बर्फात बागकामाकडे कोण बघतो?" युक्तीला मनातल्या मनात मी दाद दिली. पुस्तक मात्र काढून घेतलं.

सांगायचं ते मिस्टर ओफोरींबद्दल आहे.

ओफोरी मूळचे घानाचे, तिथल्या आतल्या, जंगलाच्या भागातले. तरुणपणी हॅमिल्टनला आले आणि पोलादाच्या कारखान्यात भट्टीपाशी काम करून रिटायर झाले. उंच, किंचित वाकलेले, आवाज मात्र असा की सायलेंट स्टडीचं दार बंद करावं लागायचं. दर शनिवारी सकाळी ते मुलांच्या विभागात त्यांच्याकडच्या प्राण्यांच्या गोष्टी सांगायचे. त्या गोष्टींमध्ये हत्ती असायचा, बिबट्या असायचा, अजगर असायचा आणि या सगळ्या धटिंगणांना बनवणारा एक इवलासा कोळी असायचा. कोळी म्हणजे जाळं विणणारा, आठ पायांचा. तो लबाड, हावरट, आळशी, आणि तरी मुलं त्याच्याच बाजूनं. एकदा दोन गावांत एकाच दिवशी जेवणावळ होती. आधी कुठे वाढतील हे कळेना, म्हणून त्यानं कमरेला दोन दोर बांधले आणि दोन्ही गावांना सांगितलं, पानं मांडली की ओढा. दोन्ही गावांनी एकाच वेळी ओढलं. तेव्हापासून कोळ्याची कंबर बारीक आहे म्हणे.

गोष्ट सुरू करण्याआधी ओफोरी हात वर करून म्हणायचे, "मी सांगतो ते खरं आहे असं मी म्हणत नाही, मुळीच म्हणत नाही." त्यांच्याकडे अशीच सुरुवात करायची पद्धत आहे. मला हे आवडलं. माझ्या काउंटरवर येणारे लोक खोटं बोलून मग शपथ घेतात, हा माणूस निदान आधी सांगून बोलत होता. आणि गोष्ट संपली की म्हणायचे, "गोड लागली असेल, नसेल, थोडी घेऊन जा आणि थोडी माझ्याकडे परत येऊ द्या." म्हणजे आमच्या लायब्ररीचाच नियम.

त्यांची बायको एस्थर नेहमी बरोबर असायची. हीटरजवळच्या खुर्चीत, पायात बर्फाचे बूट तसेच, मांडीवर पर्स घट्ट धरून. कुणाशी बोलायची नाही. पण गोष्ट अर्ध्यात आली की ओफोरी थांबायचे, आणि मागून एस्थरचा आवाज यायचा, "थांबा! त्या दिवशी मी तिथे होते!" मग ती खणखणीत आवाजात गाणं म्हणायची, मुलं टाळ्या वाजवायची, आणि गोष्ट पुढे चालायची.

मला अर्थातच वाटलं की ही मिलीभगत आहे. आपल्याच बायकोला प्रेक्षकांत बसवून टाळ्या घ्यायच्या. मी ओफोरींना तोंडावर तसं विचारलं.

ते म्हणाले, "मॅडम ब्रिजिट, आमच्याकडे गोष्ट एकट्याची नसते. ऐकणाऱ्याला कंटाळा आला, झोप आली, की कुणीही उठून म्हणू शकतं, त्या दिवशी मी तिथे होतो, आणि गाणं घालू शकतं. त्याला मनाई करता येत नाही."

"आणि तो तिथे नसला तर?"

"कोण तिथे होतं, मॅडम?" ते म्हणाले. "मीही नव्हतो."

याच सुमारास आमची मॅनेजर हेदर मला तिच्या खोलीत घेऊन गेली आणि दार लावून घेतलं. हेदर चांगली मुलगी, फक्त तक्रार आली की हवालदिल व्हायची. एका आईनं तक्रार केली होती की ओफोरींच्या गेल्या शनिवारच्या गोष्टीत कोळी ग्रोसरी स्टोअरमध्ये जाऊन सेल्फ चेकआउटच्या मशीनला फसवतो. हे कसलं पारंपरिक?

"ब्रिजिट, हा प्रोग्रॅम 'ट्रॅडिशनल आफ्रिकन फोकटेल्स' म्हणून अप्रूव्ह झालाय," हेदर म्हणाली. "तो मनचं सांगत असेल तर मला बंद करावा लागेल. पपेट शोवाले कधीपासून शनिवार मागतायत. यू हॅव अ नोज फॉर दीज थिंग्ज. जरा बसून ऐकत जा. महिनाअखेर मी स्वतः येईन, मग ठरवू."

तर अशी मी सरकारी हेर झाले. दर शनिवारी पुस्तकं लावण्याच्या निमित्तानं मागे उभी राहू लागले. आणि संशय घ्यायला जागा भरपूर होती. एक म्हणजे एस्थरचं गाणं कमी होत चाललं होतं. ओफोरी ठरल्या जागी थांबायचे, मागे बघायचे, आणि मागून काहीच यायचं नाही. ते थांबून राहायचे. मुलं चुळबुळायची, आया फोन काढायच्या, तरी हा माणूस थांबलेलाच. मग एक उसासा टाकून पुढे जायचे. मला वाटलं, गोष्ट विसरले, आता पुढचं जुळवतायत.

दुसरं म्हणजे ते आता काउंटरवर येऊन मला प्रश्न विचारू लागले.

"मॅडम, तुमचं गाव समुद्रावर आहे ना? मासे कसे वाळवता? धुरावर की उन्हात?"

हा माणूस कारखान्यात राबलेला, जंगलातला, याला माशांचं काय पडलंय? मी सावध झाले. पण सुक्या मासळीचा विषय काढल्यावर आमच्याकडची बाई तोंड मिटून बसली असं कधी झालंय का? मी सांगत गेले. किनाऱ्यावर बांबूंची उंच वलांडी उभी करतात, तिला दोऱ्या बांधतात, आणि बोंबील जोडीजोडीनं टांगतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. दोन-तीन उन्हं खाल्ली की कडक. बोंबलाचं तोंड मेल्यावरही उघडंच राहतं, जणू खदाखदा हसतोय. ओफोरी ऐकत राहायचे, मान हलवायचे, आणि मग हीटरजवळ जाऊन एस्थरच्या कानात काहीतरी कुजबुजायचे.

शेवटी मी सरळच विचारलं. "मिस्टर ओफोरी, तुमचं नक्की काय चाललंय?"

त्यांनी काउंटरवर दोन्ही हात ठेवले. म्हणाले, "माझी बायको समुद्राची आहे, मॅडम. तिच्या घरचे सगळे मच्छीमार. लग्नाआधी ती बाजारात धुरी दिलेले मासे विकायची. कोळ्याच्या गोष्टी माझ्या जंगलातल्या, त्या ती माझ्याकडून शिकली होती. आता तिची आठवण जाते आहे. आणि आधी शिकलेलं शेवटी जातं, नंतरचं आधी जातं, असं डॉक्टर म्हणतात. माझ्या गोष्टी गेल्या. घरी ती बोलत नाही. शनिवारी गायची तेवढंच तिचं आठवड्याचं बोलणं होतं, आता तेही नाही. काल बसमध्ये कुणाच्या तरी पिशवीतून मासळीचा वास आला आणि ती ताठ बसली. मला माशांची गोष्ट पाहिजे. माझ्याकडे नाहीये."

मला भरून आलं, हे कबूल करते. पण संशय गेला नाही. पुस्तक हरवल्याची सगळ्यात सुंदर कारणं मला नेहमी खोटं बोलणाऱ्यांनीच दिली आहेत. जो खरंच हरवतो तो नुसता "हरवलं" म्हणतो आणि मान खाली घालतो. शिवाय हेदरनं आपल्याला पाठवलंय हे यांना कळलं असेल आणि हे मला विरघळवत असतील, ही शक्यता होतीच.

तरी त्या दिवशी मी त्यांना मोनीआत्याची गोष्ट सांगितली.

मोनीआत्या माझ्या वडिलांची बहीण, डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकायची. लहानपणी मी भयंकर संशयी होते. दोन मैत्रिणी कोपऱ्यात हसल्या की मला वाटायचं मलाच हसतायत, आणि मी रडत घरी यायचे. तेव्हा आत्या मला वलांडीखाली बसवून ही गोष्ट सांगायची. एक होता कोळी. त्याचे बोंबील रोज एक बोका पळवायचा. बोका दांडगा, कोळी एवढासा, मारामारी करणं शक्य नाही. मग एक दिवस कोळी बोक्याला म्हणाला, "बोकेराव, खायचे तर खा, पण हे सगळे हसतायत का ते तरी विचारा." बोक्यानं वर पाहिलं. खरंच की, सगळे तोंड उघडून हसतायत! "कुणाला हसतायत?" बोक्यानं विचारलं. "ते मी कसं सांगू? मला काही ते हसत नाहीत." झालं. बोक्याचं खाणं सुटलं. दिवसभर बोंबलांना विचारतोय, हसतायत कुणाला, आणि ते हसतायत नुसते. संध्याकाळी कोळी म्हणाला, "ते एकमेकांच्या तोंडात तोंड घालून गुपित सांगतात. ऐकायचं असेल तर तसंच टांगून घ्या." बोक्यानं दोरीत जबडा अडकवला, कोळ्यानं गाठ मारली. सकाळी सोडवलं तेव्हा कोळ्यानं विचारलं, "कळलं?" काहीच कळलं नाही हे सांगायची बोक्याला लाज वाटली. म्हणाला, "कळलं, पण सांगण्यासारखं नाही." तेव्हापासून मांजर सुक्या मासळीखाली तोंड वर करून बसतं. लोकांना वाटतं चोरायला बसलंय. ते बसतं ऐकायला.

मी आत्याला विचारायचे, "आत्या, हा कोळी आपल्यासारखा की जाळ्यातला? दोन पायांचा की आठ?"

"गोष्ट ऐकायची की पाय मोजायचे?" आत्या म्हणायची.

मराठीत आमच्या जातीला आणि त्या किड्याला एकच शब्द आहे, हे मी ओफोरींना सांगितलं तेव्हा ते काउंटरवर हात आपटून एवढे हसले की स्टडीतले विद्यार्थी बाहेर आले. "एकच शब्द! मॅडम, म्हणजे तुम्ही आमच्या कोळ्याच्या नातेवाईक!" मग डोळे पुसत म्हणाले, "गोष्ट चांगली आहे. कुलूप लावून ठेवा." तेव्हाच माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं.

महिनाअखेरचा शनिवार आला. बाहेर बर्फ, पार्किंग शोव्हल करूनही पुन्हा भरलेलं, तरी खोली गच्च भरली होती. हेदर मागच्या ओळीत बसली. मी तिच्या शेजारी. एस्थर हीटरजवळ, पर्स धरून, नजर खिडकीबाहेर.

ओफोरींनी हात वर केले. मी सांगतो ते खरं आहे असं मी म्हणत नाही, मुळीच म्हणत नाही. आणि मग म्हणाले, "माझ्या बायकोच्या गावी, समुद्राकाठी, एक कोळी राहत होता. तो मासे पकडायचा. आणि ते मासे कसे होते? हसणारे!"

मी खुर्चीतच ताठ झाले. बोक्याच्या जागी बिबट्या होता, एवढाच फरक. बांबूची वलांडी आली. जबड्यात जबडा आला. माझी गोष्ट, माझ्या आत्याची गोष्ट, माझ्यासमोर, बायकोच्या गावच्या नावावर! पुस्तकाच्या पहिल्या पानावरचा लायब्ररीचा शिक्का खरवडून स्वतःचं नाव टाकणारे लोक मी पाहिले होते, हा त्यांचा बाप निघाला. बिबट्या माशांना विचारत होता, हसताय कुणाला, हसताय कुणाला, आणि मुलं हसून लोळत होती. मला वाटलं, ते सगळे मलाच हसतायत. मला हेरगिरीवर बसवलंय हे यांना कळलंय, आणि हा बिबट्या म्हणजे मीच आहे.

तेवढ्यात ओफोरी थांबले. एस्थरकडे पाहिलं. एस्थर खिडकीबाहेर बघत होती. ते थांबून राहिले, आणि त्या शांततेत मी कधी उभी राहिले ते मला कळलं नाही.

"वन मिनिट!" मी ओरडले. "आय वॉज देअर!"

मला म्हणायचं होतं की ही गोष्ट सांगितली गेली तेव्हा ऐकायला मी तिथे होते, ही माझ्या आत्याची आहे, चोरी आहे ही. पण रागात माझं इंग्रजी नेहमीच अर्ध्यावर तुटतं. तोंडातून आलं तेवढंच. खोलीतली सगळी मुलं गर्रकन माझ्याकडे वळली आणि टाळ्या वाजवू लागली. त्यांना पद्धत पाठ होती. तिथे होते म्हणणारीनं आता गाणं म्हणायचं. ओफोरींनी कानामागे हात धरला. हेदर कौतुकानं माझ्याकडे बघत होती.

काय करणार? गोष्टीत आत्या बोक्याच्या तोंडी एक गाणं घालायची, ते मी म्हटलं. मराठीत.

"बोंबिल्या रे बोंबिल्या, हसतोस कुणाला?
वाऱ्याला की पाण्याला, की माझ्या मनाला?"

पहिल्यांदा आवाज कापला, दुसऱ्यांदा बरा लागला. मुलांनी 'बोंबिल्या रे' लगेच उचललं. आणि मग हीटरजवळून आवाज आला, वैतागलेला, बाजारातल्या बाईचा.

"मीठ कुठे आहे?"

एस्थर माझ्याकडे बघत होती. पर्स खाली पडली होती.

"आधी मीठ," ती म्हणाली. "मीठ न लावता टांगले? सडतील सगळे."

"आमच्याकडे मीठ लावत नाहीत," मी म्हटलं. "नुसत्या उन्हात वाळतात."

"कुणी सांगितलं?"

"माझ्या आत्यानं."

"तुझ्या आत्याकडून मी मासे घेणार नाही," एस्थर म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं. मग परत वळून, हातवारे करत, मीठ कसं चोळायचं, किती चोळायचं, पोट कसं फाडायचं, हे तिनं सगळ्या खोलीला समजावून सांगितलं. मध्येमध्ये तिच्या भाषेत, मध्येमध्ये इंग्रजीत. मी मध्येच हुज्जत घालत होते, कारण पोट फाडून मीठ चोळायला बोंबील काय पापलेट आहे? मुलांना वाटलं हाही गोष्टीचाच भाग आहे. मी ओफोरींकडे पाहिलं. ते गोष्ट सांगायचं विसरून, लहान मुलांच्या त्या बुटक्या स्टुलावर बसून, बायकोचं बोलणं ऐकत होते.

कार्यक्रम संपल्यावर हेदरनं मला बाजूला घेतलं. "दॅट वॉज अमेझिंग. पण ब्रिजिट, खरं सांग. इज इट ट्रॅडिशनल?"

मी आयुष्यभर खोट्याचा वास घेतलेली बाई. मला खोटं बोलायचं नव्हतं, आणि मी बोललेही नाही.

"हो," मी म्हटलं. "इट्स अ ट्रॅडिशनल स्पायडर स्टोरी. फार जुनी. मी लहानपणी ऐकली आहे."

मराठीत भाषांतर करून बघा. कोळ्यांची पारंपरिक गोष्ट. एक शब्द खोटा असेल तर दाखवा. हेदर समाधानानं गेली आणि पपेट शोवाल्यांना रविवार मिळाला.

ओफोरी एस्थरला कोट चढवत होते, तिथे मी गेले. "तुम्ही माझी गोष्ट नेलीत," मी म्हटलं. "न विचारता."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. चेहऱ्यावर तीच ती निरागसता, गव्हाणीतल्या मेंढराची.

"मॅडम ब्रिजिट," ते म्हणाले, "आय ऑलरेडी रिटर्न्ड इट."

"कुठे?"

"शेल्फवर बघा."

इतकी वर्षं दुसऱ्यांना ऐकवलेला आमचा नियम मला ऐकवून ते बायकोचा हात धरून बर्फात निघून गेले. घरी येऊन मी ग्रेगरींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ब्रिजू, लग्नाला एवढी वर्षं झाली, तुझी आत्या गोष्टी सांगायची हे आज पहिल्यांदा कळतंय मला. आणि ते गाणं? ते म्हण ना परत." मी म्हटलं नाही. पण रात्री भांडी घासताना आपोआप गुणगुणत होते, आणि आत्याचा आवाज, तिचा तो घसा खाकरून सूर लावणं, सगळं जागच्या जागी होतं. माझ्या मनात ते होतंच, फक्त कितीतरी वर्षं कुणी मागितलंच नव्हतं.

त्यानंतर दर शनिवारी नाही, पण अधूनमधून ही गोष्ट व्हायची. माझ्या गाण्यानंतर एस्थर मीठ मागायची आणि आमचं भांडण व्हायचं. मी एकदाही माघार घेतली नाही. पुढे ती मला ओळखेनाशी झाली, पण 'बिनमिठाची बाई' म्हणून बोट दाखवायची. मग मी रिटायर झाले, आणि मग एक दिवस ओफोरींचा फोन आला.

चर्चच्या हॉलमध्ये एस्थरसाठी सगळे जमले होते. शोकाचे काळे-तांबडे कपडे घातलेले त्यांच्याकडचे लोक, कारखान्यातले जुने सोबती, आमच्या शाखेतली काही मुलं, आता चांगली उंच झालेली. प्रार्थना झाली, जेवण झालं. मग ओफोरी उभे राहिले. म्हणाले, मी सांगतो ते खरं आहे असं मी म्हणत नाही. आणि हसणाऱ्या माशांची गोष्ट सुरू केली.

त्या जागेवर येऊन ते थांबले.

ओफोरी छताकडे बघत होते, माझ्याकडे नाही. हा सापळा आहे, हे मला चांगलं कळत होतं. हा माणूस मला कधीपासून ओळखतो, मी कुठे बसले आहे हे त्यानं आल्याआल्या पाहून ठेवलं असणार. मी दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवली. पण ती शांतता लांबत गेली, आणि ती कुणाच्या आवाजाची जागा आहे हेही मला कळत होतं.

"थांबा," मी उभी राहून म्हटलं. "त्या दिवशी मी तिथे होते."

मी गायले. मुलांनी साथ दिली. गाणं संपलं, आणि मग ती दुसरी जागा आली, मिठाची. ओफोरींचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता.

आमच्याकडे बोंबलाला मीठ लावत नाहीत. मोनीआत्यानं कधी लावलं नाही, तिच्या आईनं लावलं नाही, मीही लावणार नाही.

"आधी मीठ लावा," मी म्हटलं. "नाहीतर सडतील सगळे."

ओफोरींनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड उघडं टाकून ते हसत होते, मोठ्यानं, सगळा हॉल ऐकेल असं. कुणाला हसत होते, ते मी विचारलं नाही.